जुन्या ध्वनिक्षेपक-पेट्यांचे पुनर्लेपन

गोदावरीकाठच्या पुणतांब्याची ख्याती चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील हे गाव दौंड–मनमाड लोहमार्गावर वसले असून शिर्डीकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. २०१७ च्या जूनमधील शेतकरी संपाची हाकही याच गावातून राज्यभर पोहोचली. हरिनाम सप्ताह, भजन-कीर्तन, ग्रामसभा, गणेशोत्सव, लग्नसराई अशा निमित्तांनी ज्या मुलखात माणसे सतत एकत्र येतात, तेथे ध्वनिवर्धक ही चैन राहत नाही, ती गावाची गरज बनते. या यंत्रणेतला सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे ध्वनिक्षेपकाची लाकडी पेटी. ॲम्प्लिफायर बिघडला की त्याच दिवशी दुरुस्तीला जातो, माइक खरखरू लागला की बदलला जातो. पेटी मात्र फुटलेले कोपरे, लोंबणारे रेक्झीन आणि गुलालाचे थर घेऊन वर्षानुवर्षे तशीच उभी असते. तिला पुन्हा टिकाऊ संरक्षक लेप देण्याच्या विद्येचा सांगोपांग परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

पेटी म्हणजे केवळ शोभेचे आवरण, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. शंकू उघडाच ठेवला तर समोरचा दाब कडेने वळून मागच्या विरळ भागात मिसळतो आणि दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. हा परिणाम मंद्र स्वरांवर सर्वाधिक होतो, कारण त्यांची तरंगलांबी मोठी असते. सेकंदाला ५० कंपने असलेल्या स्वराची लांबी हवेत जवळजवळ ७ मीटर भरते. म्हणून पखवाजाची घुमणारी धूम उघड्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. पेटी मागची लहर कोंडून धरते, किंवा मोजून-मापून ठेवलेल्या छिद्रातून योग्य वेळी बाहेर सोडते. हे काम नीट व्हायचे तर पेटीच्या भिंती हलता कामा नयेत आणि तिच्या सांध्यांतून हवा निसटता कामा नये.

येथे मिरजेच्या तंबोऱ्याशी तुलना केली तर मुद्दा चटकन ध्यानात येतो. तंबोऱ्याची तबली गाण्यासाठीच घडवलेली असते, म्हणून तिच्यावरील पॉलिश शक्य तितके पातळ ठेवावे लागते; जाड थराने नाद दबतो. ध्वनिक्षेपकाच्या पेटीचा धर्म याच्या नेमका उलट आहे. तिने स्वतः गाऊच नये. तिचा स्वतःचा आवाज मूळ गायनात मिसळला की कीर्तनकाराचे शब्द पोकळ आणि घोगरे ऐकू येतात. त्यामुळे जाड, चिवट लेपाने तिचे काही बिघडत नाही. मात्र लेपाने आवाज ‘सुधारतो’ हा दावाही खरा नव्हे. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे वजन चौरस मीटरला सुमारे ११ किलो असते. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा लेप चढवला तर फार तर पाऊण किलोची भर पडते. एवढ्याने भिंतीचे कंपन थांबत नाही. लेपाचे खरे कार्य पाणी लाकडापर्यंत पोहोचू न देणे हे आहे. लाकूड कोरडे राहिले की सांधे आवळलेले राहतात, आणि सांधे आवळलेले असले की पेटी गप्प राहते. या विषयातील सगळी कृती याच साखळीवर आधारलेली आहे.

ध्वनिक्षेपकाचा इतिहास थोडक्यात असा. २४ डिसेंबर १९१५ रोजी सान फ्रान्सिस्को येथे पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी विजेच्या साह्याने वाढवलेला आवाज फार मोठ्या जनसमुदायाला ऐकवला. आज वापरात असलेला शंकू आणि हलते वेटोळे यांचा ध्वनिक्षेपक चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये विद्वानांपुढे मांडला. छिद्रयुक्त पेटीचे तत्त्व आल्बर्ट थुरास यांनी १९३० च्या सुमारास स्वामित्वहक्कासाठी नोंदवले, तर पूर्ण बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करण्याची युक्ती एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये प्रत्यक्षात आणली. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे आकारमान गणिताने काढण्याची रीत घालून दिली. तोपर्यंत पेटी हे सुताराच्या अंदाजाचे काम होते, आणि आपल्याकडील कित्येक जुन्या पेट्या त्या अंदाजाच्याच आहेत.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या पेटीचा प्रवेश प्रथम रेडिओच्या रूपाने झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने पुणे आकाशवाणी केंद्राने मराठी मुलखातील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तो ऐकायला एकत्र बसलेले गावकरी आणि ऐकल्यानंतर होणारी चर्चा, असे त्याचे स्वरूप होते. दहा आठवडे चाललेल्या या प्रयोगाची दखल जगभरच्या प्रसारमाध्यम-अभ्यासकांनी घेतली. गावाने एकत्र बसून ऐकायची पेटी ही कल्पना तेव्हापासून येथे रुजली. त्यानंतर घरोघरी मर्फीसारखे रेडिओ आले. मर्फीचा भारतातील कारखाना ठाण्यातच होता. सभा-समारंभांसाठी दिल्लीत १९४० मध्ये सुरू झालेल्या अहुजा कंपनीचे भोंगे आणि कॉलम खेडोपाडी पोहोचले.

आज गोदाकाठच्या गावांत ज्या जुन्या पेट्या सापडतात त्यांचे ढोबळ मानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग रेडिओ आणि रेडिओग्रामच्या पेट्यांचा. यांवर सागवान वा तत्सम लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असून त्यावर चकचकीत पारदर्शक थर असतो. दुसरा वर्ग मंदिराच्या सभामंडपात भिंतीला टांगलेल्या कॉलमचा. उभ्या, अरुंद पेटीत चार-सहा लहान स्पीकर एकाखाली एक बसवलेले असतात, त्यामुळे आवाज छताकडे न जाता श्रोत्यांच्या ओळीवर पसरतो. तिसरा वर्ग घरगुती टेपरेकॉर्डर-डेकच्या जोडपेट्यांचा. या बहुधा चिपबोर्डाच्या असतात आणि त्यांवर लाकडासारखा दिसणारा छापील कागद किंवा सनमायका चिकटवलेला असतो. चौथा वर्ग मैदानी पेट्यांचा. मंडपवाल्यांचे बेस आणि टॉप, बँजो पार्टीच्या गाडीवरचे संच, तमाशाच्या फडांचे संच हे सारे या वर्गात मोडते. भोंगा धातूचा असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

पुनर्लेपनाची खरी निकड चौथ्या वर्गाला असते. दसऱ्यापासून पुढे उन्हाळ्यापर्यंत तमाशाचे फड गावोगाव फिरतात. याच जिल्ह्यातील संगमनेरशी कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांच्या फडाचे नाव जोडलेले आहे. अशा संचातील पेटी रोज रात्री ट्रकमधून उतरते, उभी राहते आणि पहाटे पुन्हा ट्रकमध्ये चढते. तिचे कोपरे ट्रकच्या फाळक्यावर आपटतात, तळ खडीवर घासला जातो, पाठीवर दोर काचतो. घरातल्या कपाटाला शोभणारे कोणतेही पॉलिश हा मारा एक हंगामसुद्धा सोसत नाही.

लाकडाचे शत्रू येथील हवेतच आहेत. हा भाग पर्जन्यछायेचा; जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरीने ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो आणि हवा अगदी कोरडी होते. श्रावण-भाद्रपदात तीच हवा दमट होते. लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत असते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते आणि ८० टक्के आर्द्रतेत ते १६ टक्क्यांपर्यंत चढते. दरवर्षीच्या या चढउताराने भरीव लाकूड फुगते-आकसते, सांध्यातला सरस तुटतो आणि स्क्रू सैल होतात. प्लायवूडमधील थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही. पण त्याच्या कडा उघड्या राहिल्या तर पाणी तेथून आत शिरते आणि पापुद्रे सुटतात. चिपबोर्ड आणि एमडीएफ यांची स्थिती सर्वांत नाजूक. एकदा कड फुगली की ती पुन्हा पूर्ववत होत नाही.

हवेखेरीज आणखी काही गोष्टी खास येथल्या आहेत. सभामंडपातल्या पेटीवर समईची तेलकट काजळी, कापराचा धूर आणि बुक्का यांचा मिळून एक चिकट थर बसतो. मिरवणुकीतल्या पेटीच्या जाळीत, स्क्रूच्या खाचांत आणि सांध्यांत गुलाल शिरतो. पाऊस पडला की तो लाल ओघळ होऊन लाकडात मुरतो. काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडेच असते. पेटी मोकळ्या जमिनीवर पडून राहिली तर तळातून वाळवी लागते आणि छिद्रयुक्त पेटी गोदामात राहिली तर उंदीर त्या छिद्रातून आत जाऊन शंकू कुरतडतात. यांतील तेलकट थराकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण तो न काढता दिलेला कोणताही लेप, कितीही महागाचा असो, पापडासारखा सुटून येतो.

लेपांपैकी सर्वांत प्राचीन लेप लाखेचा. पळस, बोर आणि कुसुम या वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांच्या स्रावापासून लाख मिळते. ती शुद्ध करून केलेल्या पातळ पत्र्यांना चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवणे हेच फ्रेंच पॉलिश. या लाखेचे आणि ध्वनीचे नाते मोठे विलक्षण आहे: ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्यांतही लाखच बंधक म्हणून वापरली जात असे. बालगंधर्वांची पदे ज्या द्रव्यात कोरली गेली, त्याच द्रव्याने ती ऐकवणाऱ्या यंत्राची पेटीही झळाळत होती. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा यांनी लाखकामाची परंपरा जपली आहे.

लाखेचा विद्रावक असलेले स्पिरिट उसाच्या मळीपासून तयार होते. राहाता तालुक्यातच लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्यामागोमाग हा सारा मुलूख साखरेचा आणि मळीच्या आसवनींचा झाला. म्हणजे जे स्पिरिट शहरातला पॉलिशवाला बाटलीतून ओततो, त्याचा उगम याच भागातल्यासारख्या उसाच्या फडांत असतो. येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. लाखेवर पाणी साचले तर पांढरा डाग पडतो, उन्हात ती मऊ होते आणि धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याने विरघळते. घरातल्या रेडिओसाठी तिच्याइतके सुंदर दुसरे काही नाही. मैदानी पेटीसाठी ती निरुपयोगी आहे.

लाखेनंतर नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजेच कारागिरांच्या बोलीतला ‘एनसी’ लॅकर आला. १९२० च्या दशकात मोटारींसाठी तो प्रसिद्धीस आला आणि लवकरच रेडिओच्या पेट्यांवर चढला. तो मिनिटांत वाळतो, फवाऱ्याने देता येतो आणि पुढचा थर आधीच्या थरात विरघळून एकजीव होतो, म्हणून दुरुस्तीला सोपा असतो. त्याच्यामागून मेलामाइन आले. हे आम्लाच्या योगाने कडक होते, चांगला घट्टपणा देते, पण वाळताना डोळ्यांना झोंबणारा फॉर्माल्डिहाइड वायू सोडते. आज फर्निचरच्या कामात पॉलियुरेथेनचे, म्हणजे ‘पीयू’चे, राज्य आहे. या रसायनाचा पाया ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत घातला. दोन डब्यांत मिळणारे मूळ द्रव्य आणि हार्डनर ठरावीक प्रमाणात मिसळले की त्यांच्यात रासायनिक बंध जुळतात आणि एकदा बसलेला थर थिनरनेही सुटत नाही. त्यातील आयसोसायनेट मात्र श्वसनमार्गाला अपायकारक असून त्यामुळे दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून पीयू फवारण्याची रीत आपल्याकडे सर्रास दिसते. ती बंद झालीच पाहिजे. रुमालाने धूळ अडते, बाष्प अडत नाही. त्यासाठी कोळशाची नळकांडी असलेला मुखवटाच लागतो.

दुसरी शाखा द्रव लेपांची नसून आच्छादनांची आहे. रेक्झीन म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेले कापड. नवे असताना ते फार चांगले दिसते, ओरखडे लपवते आणि सुताराला मोजमापातल्या बारीक चुका झाकता येतात. दोष असा की कोपऱ्यावर ते एकदा फाटले की आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. जुन्या बेसच्या पेटीचे सुटलेले रेक्झीन ओढून पाहावे: खाली सरसाचा पिवळट, चिकट थर, त्याखाली काळवंडलेला प्लायवूडचा पापुद्रा आणि नखाने उकरले तर लाकडाचा भुगा, असे दृश्य हमखास दिसते. वरून धडधाकट दिसणारी पेटी आतून अशी कुजलेली असते. कारपेट चिकटवलेल्या पेट्यांची गत याहून वाईट, कारण कारपेट पाणी आणि गुलाल दोन्ही धरून ठेवते. सनमायका पाण्याला दाद देत नाही, परंतु कडेला ठोकर बसली की तिचा टवका उडतो.

मैदानी पेट्यांना सर्वांत योग्य लेप म्हणजे खरबरीत पोताचा, काळा, चिवट लेप. याचे दोन प्रकार आहेत. पॉलियुरिया हा त्यांतला बलवान. मालवाहू गाड्यांच्या हौद्यांना आतून जो रबरासारखा थर देतात, तो बहुधा याच कुळातला. दोन घटक तापवून उच्च दाबाने बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत घट्ट होतात. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री महाग असल्याने हे काम गावच्या सुताराच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुसरा प्रकार पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक पोतदार लेपाचा. तो साध्या रोलरने देता येतो, त्याला उग्र वास नाही, हात-हत्यारे पाण्याने धुता येतात, आणि एखाद्या जागी खरचटला तर तेवढ्याच जागी पुन्हा लावला असता जोड दिसत नाही. माझ्या मते पुणतांब्यासारख्या गावात मंडपवाल्याने वा भजनी मंडळाने निवडावा असा लेप हाच. पॉलियुरियाइतका तो टणक नाही हे खरे, परंतु जो लेप गावातच दुरुस्त होतो तो दीर्घकाळ उपयोगी पडतो. पोताचा खरबरीतपणा हाही निव्वळ दिखावा नव्हे. उंचवट्यांवर झीज होते आणि खोलगट भागातला थर शाबूत राहतो, शिवाय पेटी उचलताना घामेजलेला हात घसरत नाही.

प्रत्यक्ष कामाला आरंभ परीक्षेने करावा. पेटीच्या प्रत्येक भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत जावे. भरीव, आखूड आवाज आला तर सांधा ठीक. मडक्यासारखा पोकळ किंवा झरझर करणारा आवाज आला तर आतली पट्टी सुटली आहे असे समजावे. त्यानंतर स्पीकर काढावेत. तारा सोडण्यापूर्वी धन आणि ऋण टोकांवर खूण करणे अत्यावश्यक आहे. जोडीतल्या एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर दोघांचे मंद्र स्वर एकमेकांना नाहीसे करतात, आणि मग दोष नव्या लेपाला दिला जातो. स्पीकर, ट्विटर, जाळी, हँडल, लोखंडी कोपरे, मागची जोडणीपट्टी हे सर्व काढून स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. स्पीकर तोंड वर करून, कापड टाकून, उंदरांपासून दूर ठेवावा.

जुने आच्छादन काढताना घाई नको. गरम हवेने सरस मऊ करून रेक्झीन एका कडेने सावकाश ओढावे आणि उरलेला चिकट थर थिनरच्या कापडाने पुसून पटाशीने खरवडावा. तेलकट काजळी असलेली रंगवलेली पेटी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पिळलेल्या फडक्याने पुसावी, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावी. जुना तैलरंग घासण्याच्या वेळी एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे: पूर्वीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. ओल्या पॉलिश पेपरने घासावा, घासून निघालेला गाळ कागदावर गोळा करावा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

यानंतर सुतारकाम. सुटलेल्या सांध्यांत सरस सोडून शिकंज्याने आवळावे. कुजलेला कोपरा कापून तेथे नवा तुकडा बसवावा; लांबी (पुट्टी) भरून कोपरा घडवण्याची पळवाट पहिल्याच ठोकरीला उघडी पडते. स्क्रूची भोके सैल झाली असल्यास ती मोठी करून त्यांत सागाची खुंटी सरसासह ठोकावी आणि नव्याने भोक पाडावे. जड स्पीकरांसाठी मागून टी-नट बसवणे अधिक चांगले. वाळवी लागलेल्या जागी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण मुरवावे. नवा प्लायवूड घ्यायचा झाल्यास त्यावरील मानक पाहावे. आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते, तर साधा एमआर दर्जाचा प्लाय केवळ दमटपणा सोसण्यापुरता असतो.

खिळ्या-स्क्रूंचे खड्डे लांबीने भरून ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने आरंभ करावा आणि १२०, १८० असे पुढे जावे. पोतदार लेपाखाली याहून गुळगुळीत पृष्ठ नकोच, कारण लेपाला धरायला बारीक खाचा लागतात. कडांकडे मात्र विशेष लक्ष हवे. तीक्ष्ण धारेवर कोणताही द्रव लेप ठरत नाही. पृष्ठताणामुळे तो दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमक्या धारेवर थर सर्वांत पातळ राहतो. ठोकर तर धारेलाच बसते. म्हणून प्रत्येक कड तीन ते सहा मिलिमीटर त्रिज्येची गोलाई येईपर्यंत रंध्याने आणि पेपरने मारून घ्यावी. पुनर्लेपनातल्या सगळ्या श्रमांत इतके कमी खर्चाचे आणि इतके फलदायी दुसरे काम नाही.

प्लायवूडच्या कडा पाणी पितात तशा लेपही पितात. त्यांना सीलरचा पातळ केलेला हात आधी दोनदा द्यावा, मग संपूर्ण पेटीला एकदा. आतल्या भिंतींनाही सीलरचा किमान एक हात दिला पाहिजे. बहुतेक कारागीर हा टप्पा गाळतात, कारण आतले कोणाला दिसत नाही. परंतु एक बाजू बंद आणि दुसरी उघडी राहिली तर ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर करतो आणि फळी वाकते. सीलर नीट बसला की नाही हे पाहण्यास पाण्याचा एक थेंब पुरतो: थेंब गोल उभा राहिला तर ठीक, पसरून काळा डाग पडला तर आणखी एक हात हवा.

मुख्य लेप देण्यापूर्वी स्पीकरची बैठक आणि हवेचे छिद्र यांवर कागदी पट्टी लावावी. बैठकीवर खरबरीत थर चढला तर गॅस्केट घट्ट बसत नाही आणि मोठ्या आवाजात तेथून फुसफुस ऐकू येते. छिद्राच्या आत जाड थर साचला तर त्याचा व्यास घटतो आणि पेटी ज्या स्वराला जुळवलेली असते तो स्वर खाली सरकतो. लेप दोन हातांत द्यावा. पहिला हात पातळ, लाकूड झाकण्यापुरता; दुसरा जाड आणि खोलगट छिद्रे असलेल्या रोलरने, एका भिंतीवर एकाच दमात. वाळू लागलेल्या भागावर रोलर पुन्हा फिरवला तर पोत तुटतो. लेप तासाभरात हाताला वाळलेला वाटला तरी त्याचे काठिण्य पूर्ण व्हायला काही आठवडे जातात. तेवढ्या काळात पेट्या एकमेकींवर रचल्या तर उन्हाच्या तापाने दोन लेप चिकटतात आणि उचलताना एकाची साल दुसऱ्यावर निघून येते.

कामाचा योग्य काळ दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा. हवा कोरडी, ऊन सौम्य आणि चैत्र-वैशाखातील जत्रा अजून दूर असतात. पावसाळ्यात लाख आणि एनसी लॅकर हवेतले बाष्प धरून पांढुरके पडतात. मे महिन्याच्या उन्हात फवाऱ्याचे थेंब पृष्ठावर पोहोचण्याआधीच वाळून खरखरीत भुकटी बसते. तमाशाच्या फडांना मात्र पावसाळ्याखेरीज सवड नसते. त्यांनी पाण्याचा पोतदार लेप पत्र्याच्या शेडमध्ये, उघडीप पाहून, दोन हातांत पूर्ण दिवसाचे अंतर ठेवून द्यावा.

ज्या पेट्यांना हा लेप देऊ नये त्यांचाही उल्लेख आवश्यक आहे. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ किंवा रेडिओग्राम काळ्या पोतदार लेपाने रंगवणे म्हणजे त्या वस्तूचा इतिहास पुसणे होय. त्याचा मूळ थर लाखेचा की लॅकरचा हे आधी ओळखावे. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा टेकवावा. थर चिकट झाला तर लाख, न झाल्यास थिनरचा बोळा टेकवावा. तेव्हा चिकट झाला तर लॅकर. लाखेचा थर मंद झाला असेल तर तो खरवडण्याची गरज नसते. सौम्य साबणाच्या फडक्याने मळ काढावा आणि चपड्याचे पातळ पॉलिश बोळ्याने वर्तुळाकार फिरवावे; जुना थर नव्यात विरघळून पुन्हा सांधला जातो. या पेट्यांवर सोड्याचे पाणी कधीही वापरू नये. सुटलेला पापुद्रा सरस घालून, वर मेणकागद ठेवून वजनाखाली दाबावा.

चिपबोर्डाच्या घरगुती पेट्या बहुतेक वेळा टाकूनच दिल्या जातात, पण त्यांतले स्पीकर पुष्कळदा चांगले असतात. कड फुगलेली नसेल तर सनमायकावर १२० क्रमांकाचा पेपर मारून, चिकटणारा प्रायमर देऊन पीयूचा थर चढवता येतो. स्पीकरभोवतालचे फोमचे कडे मात्र हवेतल्या ओलाव्याने पंधरा-वीस वर्षांत पिठासारखे भुसभुशीत होते. पेटीवर खर्च करण्यापूर्वी ते बोटाने हलकेच दाबून पाहावे आणि तुटत असेल तर आधी नवे कडे बसवून घ्यावे.

सर्व जोडणी झाल्यावर गॅस्केट नवे घालावे, स्क्रू समोरासमोरचे जोडीने आवळावेत आणि लोखंडी कोपरे लेप पूर्ण कठीण झाल्यावरच बसवावेत. पेटीच्या आत, मागच्या भिंतीवर पेन्सिलने लेपाचा प्रकार, हातांची संख्या आणि महिना-वर्ष लिहून ठेवावे. पुढच्या कारागिराला जुन्या थरावर कोणता लेप चालेल हे त्यावरून कळते. पीयूवर एनसी धरत नाही आणि एनसीवर पीयूचा थिनर पडला तर खालचा थर सुरकुततो, म्हणून ही नोंद नसेल तर त्याला पेटी पुन्हा लाकडापर्यंत खरवडावी लागते.